मसूरच्या रस्त्यावर, भाच्याला घेऊन

दिवाळीनंतर चार दिवस बहिणीकडे साताऱ्याला गेले होते. भाचा चौथीत आहे, नऊ वर्षांचा. 7 नोव्हेंबरला शाळेत भाषण करायचं म्हणून घरभर पाठ करत फिरत होता, "7 नोव्हेंबर 1900 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला." पुढची ओळ, 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात ही, तो एका दमात म्हणून टाकायचा. मी विचारलं, "ती शाळा बघितलीस का?" शाळा घरापासून वीस मिनिटांवर. त्याने मान हलवली. नाही.

रविवारी सकाळी गेलो. राजवाड्याशी नेहमीची गर्दी, शाळा बंद. आताचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. इथल्या रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर भिवा रामजी या मुलाची, म्हणजे बाबासाहेबांची, सही आहे, शाळेने ते पान जपून ठेवलंय. फाटकाबाहेर उभं राहून मी त्याला भिवाच्या गोणपाटाबद्दल सांगितलं. बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण त्याला शाळेतला झाडूवालाही हात लावत नसे. तहान लागली तर नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. गावात न्हावी होते, पण भिवाच्या घरातल्या पोरांचे केस त्यांची बहीणच कापायची. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

भाचा फाटकाचे गज धरून आत बघत होता. "शिपाई रजेवर गेला असेल तर?" त्याने विचारलं. मी सांगितलंच होतं. त्याला पुन्हा ऐकायचं होतं.

खरं तर मला त्याला पुढे न्यायचं होतं, मसूरला. बाबासाहेबांचा सातारा शाळेपाशी संपत नाही, आणि आपण नेमके तिथूनच हार घालून परत फिरतो, याचं मला फार वाईट वाटतं. बहिणीने डबा भरून दिला आणि दुपारच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. माहुलीच्या बाजूचं स्टेशन, मग कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर. दोन्ही बाजूंना उसाचे फड. गाडीतच त्याला गोष्ट सांगितली.

1901 चा उन्हाळा. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव बांधायचं चाललं होतं, तिथे भिवाचे वडील रामजी सुभेदार कॅशियर होते. मुलं साताऱ्यात आत्याजवळ. वडिलांनी सुट्टीत बोलावलं म्हणून भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुलं निघाली. ("म्हणजे भाचे," भाचा लगेच म्हणाला.) नवे कपडे शिवले होते, भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. पोरं संध्याकाळी पाचला मसूरला उतरली. न्यायला कोणी नाही, कारण पत्र पोचलं होतं पण नोकर ते वडिलांना द्यायला विसरला होता. स्टेशनमास्तर कपड्यांवरून त्यांना ब्राह्मणाची मुलं समजला, आस्थेने चौकशी करू लागला. भिवाच्या तोंडून "आम्ही महार आहोत" निघालं आणि मास्तरचा चेहरा पालटला. मग एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बरोबर पायी चालणार.

मसूरला उतरलो तेव्हा फलाटावर आमच्यासकट पाच-सहा माणसं. भाचा गाडीतून उतरला तो थेट नळाशी गेला, ओंजळ लावून प्यायला, बाटली भरली, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि परत आला. मी नुसती बघत राहिले.

बाहेर एक रिक्षा ठरवली आणि पुसेसावळीच्या दिशेने निघालो. रिक्षावाले काका शांत माणूस, कशासाठी जाताय म्हणून विचारलं नाही. एका ओढ्याच्या पुलावर मी थांबवायला लावलं. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, पाणी वाहत होतं. पोरांच्या वाटेवर स्टेशनजवळच अशी एक छोटी नदी होती, कोरडी, मधे मधे डबकी. गाडीवान त्यांना तिथे जेवायला सोडून गावात जेवायला गेला. डबकं गुरांच्या शेणामुताने घाण झालेलं, वास येत होता. पोरांनी चार घास खाल्ले आणि डबा गुंडाळला.

पुढे ऊस कमी होत जातो आणि डोंगर जवळ येतात. एका चढाच्या पायथ्याशी उतरून आम्ही थोडं चाललो. दिवस कलत होता. त्या रात्री पोरं अशाच एका डोंगराच्या पायथ्याला टोलनाक्यावर पोचली तेव्हा मध्यरात्र झाली होती. नाकेदाराकडे पाणी मागताना मुसलमान आहोत असं सांग, हे गाडीवानाने शिकवलं होतं. भिवाने उर्दूत मागून पाहिलं. उपयोग झाला नाही. जवळ भरपूर जेवण होतं, पण पाण्याशिवाय ते घशाखाली उतरत नव्हतं. चारही पोरं गाडीत तशीच उपाशी झोपली. दोघं झोपले की दोघांनी जागायचं, असं ठरवून. वडिलांकडे पोचायला दुसऱ्या दिवशी अकरा वाजले.

1927 चं चवदार तळं मी शाळेत शिकले. या रात्रीबद्दल मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या माणसाला तहान म्हणजे काय हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ते त्याला आमच्या जिल्ह्याने शिकवलं. सातारकर म्हणून हे मला नीट माहीत असायला हवं होतं.

डबा आम्ही तिथेच बांधावर बसून उघडला. भाचा चपातीचा घास हातात धरून बसला होता. म्हणाला, "मावशी, त्यांची आई का नाही आली बरोबर?"

मी सांगितलं. तो काही बोलला नाही. परतीच्या गाडीत झोपला. सकाळी उठल्या उठल्या मात्र विचारलं, "तिथं जायचं?"

भीमाबाईंची समाधी साताऱ्यातच आहे. भाच्याने बाहेर चपला काढल्या, बाटली त्यांच्याशेजारी ठेवली आणि आत गेला. हात जोडून बराच वेळ उभा होता. मग हळूच विचारलं, "कधी वारल्या?"

"1896 साली."

"आणि बाबासाहेब जन्मले 1891 ला." भाषणातली ही ओळ त्याची पाठच होती. त्याने बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाच."