थेरपिस्ट ‘इन्शुरन्स घेते’ म्हणजे नक्की काय करते?

परवा इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना एका मैत्रिणीने हळूच विचारलं, तू त्या थेरपीवालीकडे जातेस ना, तिला इन्शुरन्स चालतो का गं, आणि मी मेथीच्या जुड्या हातात धरून तिथेच वीस मिनिटं सुरू झाले, शेवटी तिच्या नवऱ्याने बाहेरून हॉर्न वाजवला. तेव्हा आता एकदाचं लिहूनच टाकते.

माझं झालं असं की गेल्या वर्षी टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या मोठ्या हायवेवर, गाडी चालवताना अचानक छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले, वाटलं झालं, संपलं. ईआरमध्ये, म्हणजे इमर्जन्सीत नेलं, ईसीजी नॉर्मल. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टर म्हणाल्या हार्ट उत्तम आहे, हा पॅनिक अटॅक, थेरपिस्टकडे जा, तुमच्या नेटवर्कमधलं, म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार असलेलं कोणीतरी बघा. बास, एवढंच. बघा म्हणजे स्थळं बघतात तसं.

इन्शुरन्स नवऱ्याच्या कंपनीचा. त्यांच्या वेबसाइटवर एडिसनचा झिप कोड टाकला तर मोठीच्या मोठी यादी आली, मी खुश. त्यातली जवळची २३ नावं वहीत उतरवली आणि रोज लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन लावायला लागले. वधूवर मंडळाच्या जुन्या यादीत कसं निम्म्यांची लग्नं होऊन पोरं शाळेत गेलेली असतात, अगदी तसं. कुठे नंबर बंद, कुठे फक्त लहान मुलं बघतात, कुठे नवीन पेशंट घेत नाहीत, एकजण रिटायर होऊन फ्लोरिडाला गेलेले. बऱ्याच ठिकाणी व्हॉइसमेल ठेवला, त्यातल्या दोघांचा उलट फोन आला. एका नंबरवर मुलीने फोन उचलला आणि म्हणाली आई दोन वर्षांपूर्वी गेली, अजून लोकांचे फोन येतात. मी सॉरी म्हणाले, ती पण सॉरी म्हणाली. त्या दिवशी पुढचा फोन नाही लावला.

नंतर कळलं की याला ‘घोस्ट नेटवर्क’ असं रीतसर नाव आहे. २०२३ मध्ये सिनेटच्या फायनान्स कमिटीच्या लोकांनी म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यातल्या, खासगी कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या १२ प्लॅनमधल्या १२० थेरपिस्टना स्वतः फोन लावून बघितले तर अपॉइंटमेंट मिळू शकली फक्त १८ टक्के वेळा. हे वाचून मला फार बरं वाटलं, वाटू नये खरं तर.

आता मुद्द्याचं. मी सगळ्यांना विचारत होते, तुम्ही माझा इन्शुरन्स घेता का? हा प्रश्नच चुकीचा. एक बाई ‘हो हो’ म्हणाल्या, मी फॉर्म बिर्म सगळे भरले आणि पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी कळलं की त्यांचं घेणं म्हणजे मी २०० डॉलर द्यायचे, त्या मला सुपरबिल देणार, म्हणजे कोड टाकलेली पावती, ती मी इन्शुरन्सला पाठवायची आणि वाट बघायची. आमच्या प्लॅनमध्ये नेटवर्कबाहेरच्या थेरपिस्टचा डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम, इतका मोठा की ती वाट बघण्यात वर्ष संपलं असतं. तेव्हा ‘घेता का’ नाही विचारायचं, ‘माझ्या या प्लॅनला तुम्ही इन-नेटवर्क आहात का’ असं विचारायचं, प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवायचं, कारण एकाच कंपनीच्या एका प्लॅनला असतात आणि दुसऱ्याला नसतात. वर त्यांचा एनपीआय नंबर (प्रत्येक डॉक्टर-थेरपिस्टला असतो तो ओळख क्रमांक) आणि टॅक्स आयडी घ्यायचा आणि इन्शुरन्सला फोन करून तो टाकून बघायला लावायचा. नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण तीच बाई मंगळवारी ग्रुप प्रॅक्टिसमध्ये नेटवर्कात असते आणि शुक्रवारी स्वतःच्या क्लिनिकमध्ये नसते.

आणि फोन कुठे करायचा तर कार्डाच्या मागे बघा, बऱ्याचदा बिहेवियरल हेल्थचा, म्हणजे मानसिक आरोग्याचा नंबर वेगळा असतो, ते काम दुसऱ्याच कंपनीला दिलेलं असतं. मी तीन दिवस कार्डाच्या पुढच्या बाजूच्या नंबरवर होल्डची गाणी ऐकत बसले होते.

अजून एक, वेबसाइटवर नाव दिसलं की तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. २०२२ च्या जानेवारीपासून नो सरप्रायझेस कायदा आहे, त्यात यादी दर ९० दिवसांनी तपासायची असं आहे (तपासतात म्हणे!) आणि यादीत इन-नेटवर्क लिहिलेलं बघून तुम्ही गेलात आणि ते चुकीचं निघालं तर तुमच्याकडून नेटवर्कमधलाच दर घ्यायचा असतो.

मराठी थेरपिस्ट शोधली का? शोधली ना, सगळ्यात आधी तेच केलं. मिळाली पण, छान वाटली बोलायला, पण नेटवर्कबाहेर, परत तेच २०० डॉलर. माझी एक मैत्रीण पुण्यातल्या बाईंशी झूमवर बोलते, पैसे स्वतःचे, साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक सांभाळत, तिला जमतंय. मला इन्शुरन्समधूनच करायचं होतं कारण दर आठवड्याला ते बिल बघून मला नवीन पॅनिक अटॅक आला असता.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला की व्हिडिओवरच बोलायचं तर एडिसनच कशाला हवं? लायसन्स न्यू जर्सीचं असलं की झालं, कारण पेशंट बसलाय त्या राज्याचं लागतं. मग झिप कोड बदलून सगळं राज्य पालथं घातलं आणि चेरी हिलची एक एलसीएसडब्ल्यू, म्हणजे थेरपी करायचं लायसन्स असलेली सोशल वर्कर मिळाली, घरापासून तासभर लांब, पण दर भेटीला माझ्या खिशातून फक्त ३० डॉलर को-पे. मूळची पोर्तो रिकोची. मी पहिल्याच भेटीत चाचरत सांगायला लागले की सासूबाई सहा महिने येऊन राहतात म्हणजे कसं असतं, तर ती हसली, म्हणाली माझी आजी पण सहा महिने यायची. पुढचं काही समजवावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. इन्शुरन्स पैसे देणार म्हणजे कागदावर काहीतरी निदान लागतं. माझ्या नावापुढे एफ४३.२३ हा निदानाचा कोड लागला, अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर. तिने घालायच्या आधी मला विचारलं, हे बरं केलं. नुसतं नवरा-बायकोचं पटत नाही म्हणून गेलात तर त्याला झेड६३.० असा कोड आहे आणि त्याच्यावर बहुतेक प्लॅन पैसे देत नाहीत.

आणि प्रत्येक भेटीनंतर इन्शुरन्सकडून घरी पाकीट येतं, कोणाकडे गेलात आणि किती पैसे दिले ते सांगणारं, ते येतं पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने. घरात सांगितलं नसेल तर इन्शुरन्सला आधीच सांगून पत्ता बदलून घेता येतो किंवा ऑनलाइन करता येतं, मला माहीत नव्हतं. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, आलेला प्रत्येक कागद वाचतात. म्हणाल्या, ‘‘हे बिल नाही असं एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, मग पाठवलं कशाला?’’ मग त्यांनी खालचं पण वाचलं. मी सांगून टाकलं. दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, ‘‘तिकडे जायला तो मोठा रस्ता लागतो का गं?’’ म्हटलं नाही आई, कॉम्प्युटरवरच असतं. ‘‘मग बरं.’’

नोव्हेंबरात नवऱ्याच्या कंपनीची ईमेल आली की जानेवारीपासून इन्शुरन्स कंपनी बदलतेय. मी जेवण अर्धवट टाकून चेरी हिलला फोन लावला, बिलिंगवालीने उचलला आणि शांतपणे म्हणाली, नवीन कार्ड आलं की फोटो पाठव, आणि मागच्या बाजूचा पण पाठव हं.