साराबाईंचा वाडा

रविवार, कार्तिक महिना

अमेरिकेत मुलाकडे जाऊन काय पाहिलं, असं गावात कोणी विचारलं की मी आता समुद्र नि पूल सांगत बसत नाही. साराबाई विंचेस्टरचं घर सांगते. कॅलिफोर्नियात, सॅन होजे शहरात आहे. लोक तिकीट काढून तिथे भुतं बघायला जातात. मला भुतं काही भेटली नाहीत, दुखरे गुडघे भेटले.

आधी पसारा सांगते. 160 खोल्या, 2,000 दरवाजे, खिडक्यांच्या 10,000 काचा, 47 जिने, 6 स्वयंपाकघरं. मालकीण एकच, पाच फूटही न भरणारी विधवा बाई. सासर बंदुकांच्या कारखान्याचं, पैसा अमाप. नवरा 1881 मध्ये क्षयाने गेला. पुढे ही पार देशाच्या दुसऱ्या टोकाला आली, 1886 मध्ये आठ खोल्यांचं शेतघर घेतलं आणि वाढवत सुटली, ते 5 सप्टेंबर 1922 ला डोळे मिटेपर्यंत. सगळ्या घराचा मिळून एक नकाशा असा नव्हताच. मनात येईल तसं बांधायचं, पटलं नाही की पाडायचं.

आमची गाईड चुणचुणीत पोरगी. मुलगा हळूच मराठीत सांगत होता, पण तिच्या हातवाऱ्यांवरूनच निम्मं कळत होतं. विंचेस्टर बंदुकीने मेलेल्यांचे आत्मे बाईच्या मागे लागले. एका मांत्रिकाने सांगितलं की बांधकाम थांबलं तर तू मेलीस. म्हणून रात्रंदिवस हातोडे चालू. एक जिना छताला जाऊन भिडतो आणि संपतो, तो म्हणे भुतांना चकवायला. वरच्या मजल्यावरचा एक दरवाजा उघडला की समोर काहीच नाही, पाऊल टाकलं तर थेट खाली. तोही भुतांसाठी. दारातून पडून भुताचं काय बिघडतं, हे मी मुलाला विचारलं. त्याने विचारायला नकार दिला.

त्या मांत्रिकाच्या गोष्टीला कागदाचा आधार नाही, हे मुलाने घरी आल्यावर वाचून सांगितलं. बाईने कारागिरांना महिनोन्महिने सुट्टी दिल्याचं तिच्याच पत्रांत आहे. आणि 1906 च्या भूकंपात घराचा सात मजली मनोरा कोसळला, वरचे मजले उतरवावे लागले. मग खालचे जिने आणि भिंतीतली दारं तशीच राहिली, तर त्यात नवल काय? बाई गेल्यावर वर्षभराच्या आत, 1923 मध्येच, घर तिकीट लावून खुलं झालं. चालवायला घेणारा जत्रेतल्या पाळण्यांच्या धंद्यातला माणूस होता. आता तो गुडघ्याची गोष्ट सांगेल की भुताची?

गुडघ्याचं असं. एका ठिकाणी जिना इतका बुटका की आमच्या घोळक्यातले सगळे हसायला लागले. पायरी दोन-अडीच इंचांची. अशा 44 पायऱ्या, सात वळणं, आणि एवढं फिरून चढायचं जेमतेम नऊ फूट. इथे मात्र त्या पोरीनेही भूत काढलं नाही: बाईला संधिवात होता, पाय उचलवत नव्हता. मी कठड्याला हात न लावता चढले. अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून मेळघाटातल्या टेकड्या चढून माझे गुडघे कधीचे गेलेत. आमच्या तालुक्याच्या कचेरीचा जिना बांधणाऱ्याला हा दाखवायला न्यायला हवा.

दुसरं मनात राहिलं ते झाडांच्या खोलीतलं. वरची फरशी लाकडाची, तिच्या फळ्या उचलता येतात. खाली जस्ताचा पत्रा उताराला घातलेला. कुंड्यांना घातलेलं जास्तीचं पाणी पत्र्यावरून वाहत नळीने खालच्या बागेला जातं. लोक पुढच्या खोलीतल्या तेराच्या आकड्याकडे (तिकडे तो अपशकुनी मानतात) धावले, मी तिथेच वाकून बघत राहिले. खारपाणपट्ट्यात जन्म गेला माझा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असल्या गावात. हंडा घासलेलं पाणी तुळशीला घालणाऱ्या बाईला ही बाई वेडी कशी वाटेल?

आणखी एक, जे तिथे ओझरतं निघतं. तिला एक मुलगी झाली होती, अ‍ॅनी, 1866 मध्ये. महिना-सव्वा महिन्यात गेली. दूध अंगी लागेना, हाडावर कातडं राहिलं. सुकटी. हा शब्द मी नोकरीभर तक्त्यांत लिहिला, अन् कुडाच्या घरांत बाळंतिणींच्या मांडीवर पाहिला. एवढा गडगंज कारखाना, तरी तेच. मुलाला म्हटलं, चल आता बाहेर. आईस्क्रीम खाल्लं.

आज संध्याकाळी वेचणीच्या बाया काट्याची वाट बघत ओट्यावर बसल्या होत्या. कापूस मोजणारा पोरगा नेहमीप्रमाणे उशिरा. तेवढ्यात तिथून आणलेली चित्रांची पुस्तिका काढली. छताला भिडलेला जिना दाखवला आणि मुद्दामच विचारलं, असा कशाला केला असेल? शेजारच्या आजींनी चष्माही नीट केला नाही.

"वाटणी झाली असन."

सगळ्या हसल्या, पण खोटं काय त्यात? पाटलांच्या वाड्यात अस्साच जिना आहे. माडी धाकट्याला गेली, जिना थोरल्याच्या वाट्याला आला. थोरल्याने वरून फळ्या ठोकून टाकल्या. आता त्याच्या पायऱ्यांवर खालपासून वरपर्यंत तुरीच्या डाळीचे डबे, लोणच्याची बरणी, लसणाच्या जुड्या. दोन्ही घरांत बोलणं नाही. तिथे कोणी तिकीट लावलं नाही अजून.

पण त्याच वाड्याच्या मागच्या बाजूला पोरांना जाऊ देत नाहीत. तिथे पाटलांची एक बिनलेकराची चुलती राहायची, नवऱ्यामागे. हाती पैसा होता. तिने कोणाला न विचारता चिरेबंदी न्हाणीघर बांधलं, पुढे ओसरी वाढवली. ती गेल्यावर तिथे रात्री बांगड्या वाजू लागल्या म्हणे. मी लहानपणी ऐकलं ते खरंच मानलं होतं. नऊवारी नेसलेली, पायऱ्यांना हात लावून चढणारी ती बाई मी पाहिलेली, तरी.

बायांना मी भुतांची गोष्टही सांगितली, लपवली नाही. त्यातलं त्यांनी काहीच उचललं नाही. एकीने विचारलं, बांधणारे किती वर्षं होते कामाले? म्हटलं, चाळीसेक वर्षं म्हणतात, मध्ये मध्ये खाडे धरून. मजुरीही बरी द्यायची.

"म्हणजे बारमाही काम," ती म्हणाली. "अन् तिले पागल कोन म्हने? कामावरचे तं नसतीन म्हनत."

"बाकीचे म्हणत."

"ते म्हनतीनच."

मग काटा आला आणि सगळ्या उठल्या. सगळ्यांत धाकटी मात्र अजून पुस्तिका उलटी-सुलटी करत होती. "दोन हजार दरवाजे, काकू? रातच्याले कड्या लावाले किती जनी लागत असतीन?"