मंगळवारची मूठ

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत मंगळवार-शुक्रवारी सकाळी जोंधळ्याचा डबा जरा हाताशी ठेवतात. परडी घेऊन कुणीतरी येणार हे धरलेलंच असतं. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा आणि "उदे गं आई उदे" अशी आरोळी. येणारी कधी जोगतीण असते, कधी जोगाप्पा. म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेला, पण यल्लम्मानं बोलावलं म्हणून लुगडं नेसलेला. चापून दाढी केलेली हनुवटी, हातात हिरवा चुडा, अंबाड्यात आबोली. मूठभर धान्य परडीत पडतं, भंडाऱ्याचं बोट कपाळाला लागतं, की पुढचं दार. मराठी दारात मराठी पद, कानडी दारात कानडी. सीमाप्रश्न परडीला लागू नाही.

"येतो गे आक्का," म्हणून तो निघतो, आणि त्या 'येतो'वरून तर काहीच कळायची सोय नाही. कारण आमच्या भागात बायकाही 'मी येतो', 'मी जेवलो' असंच बोलतात. पुण्याकडच्या पाहुण्यांची त्यावर छान करमणूक होते.

यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर, आमच्या बोलीत गुड्ड, इथून दोनेक तासांवर. रांडाव पुनवेला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्याही आमच्याच रस्त्यानं तिकडे जातात. एखादं पोर बाईसारखं चालू-बोलू लागलं, डोक्यात जट आली, की घरचे म्हणतात देवी लागली. मग गळ्यात मुत्तू, म्हणजे देवीचे मणी, बांधायचे. हिजड्यांच्या निर्वाणासारखं, म्हणजे लिंगच्छेदासारखं, शरीरावर काही करावं लागत नाही. बांधलेले मुत्तू पुरतात. मला या व्यवस्थेतली हुशारी आवडते. पोराला लुगडं मिळतं आणि बापाला शेजाऱ्यांना सांगायला कारण. बापाला कारण जास्त लागतं.

हे सगळं अलीकडचं फॅड आहे असं म्हणणाऱ्याला मी बदामीला पाठवतो. पहिल्याच लेण्यात सहाव्या शतकातला अर्धनारीश्वर उभा आहे. शाळेच्या सहलीत गुरुजी तिथून जरा घाईनं पुढे नेत, ते आठवतं. बदामी लांब वाटली तर बेळगावातल्याच वडगावात जावं. तिथल्या विणकरांना जेडर दासिमय्या आपलाच वाटतो. तोही मागावर बसणारा, बसवण्णांच्याही आधीचा वचनकार, म्हणजे कानडी भक्तिवचनं रचणारा. त्याच्या एका वचनाचा आशय असा, की स्तन आणि लांब केस आले तर लोक बाई म्हणतात, दाढीमिशी आली तर पुरुष म्हणतात, पण आत जो आत्मा फिरतो तो बाईही नाही आणि पुरुषही नाही. धोटा इकडून तिकडे फेकता फेकता सुचलं असेल.

मराठ्यांच्या राज्यात हिजड्यांना गावोगाव दान गोळा करण्याचा हक्क होता. त्याच्या सनदा असत, काहींना इनाम जमिनीही असत, आणि हे सगळं गुरूकडून चेल्याकडे जाई. भीकच ती, पण हक्काची. इंग्रजांच्या मुंबई सरकारला हे लाजिरवाणं वाटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी हे हक्क मानायचं सोडलं. उत्तरेत तर त्यांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात यांची नोंदवही ठेवली. नोंदलेला माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला किंवा नाचला, तर दोन वर्षांपर्यंत कैद. इंग्रज गेले, पण नोंदवहीची हौस राहिली. 2011 साली कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात 36-अ कलम घातलं गेलं आणि पुन्हा तीच यादी करायचा अधिकार पोलिसांना मिळाला. आरडाओरडा झाल्यावर ते बदलावं लागलं. दरम्यान 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीय लिंगाला मान्यता दिली होती.

आणि बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती! डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन नाचणाऱ्या या बाई 2019 मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, आणि पद्मश्री घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. तो व्हिडिओ आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. बायकांना त्यात नवल वाटलं नाही. राष्ट्रपतींना दृष्ट लागणारच की, म्हणाल्या.

त्याच गल्लीत जोगाप्पाला खोली भाड्यानं मिळत नाही. ज्या उंबऱ्यावर त्याच्या पाया पडतात, त्याच्या आत त्याला घेत नाहीत. मूठ द्यायला देवी आठवते, चावी द्यायच्या वेळी मात्र 'लोक काय म्हणतील' आठवतं. भक्ती पाहिली की मला हल्ली थोडी शंका येते, ती यामुळेच.

कर्नाटक सरकारनं 2021 मध्ये नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिलं. त्यानंतर ओळखीतला एक जोगाप्पा कुठल्याशा सरकारी योजनेचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. लिंगाच्या रकान्यात तिसरी चौकट होती, तिथं झटकन खूण केली. अडलं ते 'आईचं नाव' पाशी.

"कुठल्या आईचं लिवू, सांग बगू?"

"जन्म दिलेल्या आईचं."

"ती घरात घेत नाही गा. गुड्डावरची घेते."

तरी जन्मदात्रीचं नाव त्यानं आधी सांगितलं, आडनावासकट. मग दोन्ही नावं दाटीवाटीनं त्याच रकान्यात बसवली आणि आम्ही झेरॉक्स काढायला निघालो.