जगबुडी

आम्हा खेडच्या पोरांना नदीच्या नावाचं कधी काही वाटलं नाही. जगबुडीला मगरी आहेत म्हणून घरचे ओरडायचे, तेवढीच तिची भीती. पुढे मुंबईत नोकरीला लागलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "जगबुडी? नदीला असं नाव कोणी ठेवतं का हो?" त्या प्रश्नासरशी मला आपल्या शाळेतला आठवीचा वर्ग आठवला, आणि फळ्यासमोर उभे असलेले आमचे मराठीचे सर.

तो दिवस 12 जुलै 1979 चा. आदल्या रात्री स्कायलॅब कोसळली होती. अमेरिकेची ती सत्त्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा कुठे पडणार, या काळजीनं त्या दिवसांत गावाची झोप उडाली होती. आमच्या आजीनं देव पाण्यात ठेवले होते. शेजारी तर, मरायचंच आहे तर खाऊन मरू, म्हणून राखलेला कोंबडा कापला गेला. शेवटी तुकडे पडले ऑस्ट्रेलियाकडे. सकाळी आम्ही वर्गात आलो ते त्याच गोंगाटात. मी म्हणत होतो, "प्रलय टळला." मागच्या बाकावरचा, मोहल्ल्यातून येणारा माझा मित्र म्हणत होता, "कयामत टळली."

सरांनी धडा बाजूला ठेवला. "जग संपण्याचे तुम्हाला ठाऊक असतील तेवढे शब्द सांगा," म्हणाले. फळा भरला. प्रलय, कल्पांत, कयामत, संहार, अनर्थ, अरिष्ट, संकट, आकांत आणि अर्थातच जगबुडी. मग एकेका शब्दापाशी ते थांबले. संकट म्हणजे मुळात अरुंद जागा, जिथे माणूस अडकतो. अनर्थ म्हणजे ज्यातून अर्थच निघून गेला ते. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, आपली 432 कोटी वर्षं. तो संपतो तो कल्पांत. "आणि आपल्या बायका म्हणतात, पोरानं रडून कल्पांत केला! 432 कोटी वर्षांचा शेवट आपण एका पोराच्या रडण्यात आणून बसवला. आईला तो तेवढाच मोठा वाटतो." हे सांगताना सरांचा आवाज हलला होता. का, ते मला पुष्कळ वर्षांनी, स्वतः बाप झाल्यावर कळलं.

प्रलय म्हणजे विरघळून जाणं, लय पावणं. कयामतचं मात्र त्यांनी स्वतः सांगितलं नाही. "मौलवीसाहेबांना विचारून ये," एवढंच मित्राला म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो धावत आला, "सर, कयामत म्हणजे उभं राहणं! त्या दिवशी मेलेली माणसं उठून उभी राहतात." सरांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, एकात सगळं विरघळतं, दुसऱ्यात सगळे उठून उभे राहतात, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मी नंतर खूप शिक्षक पाहिले. आपल्याला जे नीट ठाऊक नाही ते विद्यार्थ्याकडून विचारून आणवणारे फार थोडे भेटले.

आदल्या दिवशीच्या, बारा तारखेच्या त्याच तासाला त्यांनी पानशेत सांगितलं होतं. बरोबर अठरा वर्षांपूर्वी, 12 जुलै 1961 ला, ते पुण्यात शिकत होते, नारायण पेठेत खोली होती. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं. लकडी पूल पाण्याखाली गेला. त्यांची पुस्तकं, ट्रंक, सगळं वाहून गेलं, आणि पुढे कित्येक दिवस त्याच पुण्यात प्यायच्या पाण्याचे हाल. "पण मी त्याला प्रलय म्हणत नाही," सर म्हणाले. "प्रलयानंतर सांगायला कोणी उरत नाही. सांगणारा उरला, की तो पूर. मोठा शब्द उगाच खर्चू नका." ते वाक्य मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

घरी आम्ही पुराला हौर म्हणतो. बाजारपेठेत पाणी शिरलं, की दुकानदार माल माळ्यावर चढवतात, हौर ओसरला की चिखल उपसतात. वर्तमानपत्रं मात्र लगेच महाप्रलय छापतात. ते मला अजून खुपतं.

26 जुलै 2005 ला मी मुंबईत अडकलो. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि खेडचा फोन लागत नव्हता. आठवड्यानं कसाबसा गावी पोचलो. घरची माणसं सुखरूप होती, भिंतींवर माझ्या खांद्याएवढी चिखलाची रेघ होती. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. अंगणात, पडवीत, बाजेवर पुस्तकं वाळत घातलेली. शब्दकोश फुगून दुप्पट झाला होता.

मी म्हटलं, "सर, सांगणारे उरलोय. म्हणजे पूरच."

ते लगेच बोलले नाहीत. महाडकडच्या जुई गावावर दरड कोसळल्याची बातमी त्यांनी वाचली होती, घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेल्याची. "तेव्हा मी तुम्हाला अर्धवट शिकवलं रे," म्हणाले. "पुराणांत प्रलय चार आहेत. नैमित्तिक, प्राकृत, आत्यंतिक हे तीन मोठे. चौथा नित्य, तो रोज चालू असतो. जुईत ज्याचं सगळं घर गेलं आणि तो एकटा उरला, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, की सांगायला तू उरलास, म्हणून हा प्रलय नव्हे?"

मग त्यांनी शब्दकोश माझ्या मांडीवर ठेवला. चिकटलेल्या पानांतलं एकेक मी धरायचं, त्यांनी सुरीच्या पात्यानं हलकेच सोडवायचं, असं आम्ही अंधार पडेपर्यंत करत बसलो. प च्या पानांपर्यंत पोचलो होतो.