मेलेला मॅग्नेट

"सर, ह्यो मॅग्नेट मेला की!"

सांगलीत गणपती पेठेत बाबांचा जुना स्पीकर दुरुस्तीला नेला होता. गोंद सुटावा म्हणून मिस्त्रींनी मागची काळी रिंग बर्नरवर तापवली. गार झाल्यावर तिला स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तो सरळ खाली पडला. त्यांचा चेहराच उतरला.

मी वीस वर्षं फेराइटवरच, म्हणजे या रिंगेसारख्या काळ्या चुंबकाच्या पदार्थावरच काम करतोय. रिंगेतलं लोह, ऑक्सिजन सगळं जागच्या जागी होतं. पण अशा फेराइटमध्ये साधारण 450 अंशांना आतल्या अणुचुंबकांची रांग मोडते. लोखंडात हेच 770 अंशांना. पिएर क्युरींनी 1895 च्या प्रबंधात हाच बदल तपासला होता. गार झाल्यावर ते पुन्हा गटागटाने जुळतात, पण प्रत्येक गटाचं तोंड निराळीकडे.

"मेला नाही, दिशा विसरलाय," मी म्हटलं. "कॉइलमध्ये ठेवून करंटचा जोरदार झटका दिला की परत धरेल."

"म्हंजे आत समदं तसंच हाय?" ते किती तरी वेळ रिंगेवर अंगठा फिरवत राहिले.

तापमान वाढेल तसं चुंबकत्व कसं घटतं, हा आलेख मी शेकडो वेळा काढलाय. असा अंगठा मात्र एकदाही फिरवला नाही.

शिक्षक मित्रांनो, चुंबकत्वाचा धडा शिकवताना वर्गात एखादा मॅग्नेट तापवून दाखवता का?