साडेसतराची मान, तेवीसची बाही

कोल्हापूरच्या तालमीत सहा वर्षं काढली. मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि माती सुटली. अंग मात्र तालमीतलंच राहिलं. उंची पाच फूट पाच इंच, छाती ४४, मान साडेसतरा, दंड साडेसोळा आणि कंबर ३५. तालमीत असताना लंगोट, ट्रॅकपँट आणि गोल गळ्याचा टी-शर्ट एवढ्यावर भागायचं. पतसंस्थेत नोकरी लागली, रोज पूर्ण बाहीचा शर्ट खोचून जायची वेळ आली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या मापाचा शर्ट दुकानात टांगलेलाच नसतो.

पहिला महिना नुसता फिरण्यात गेला. महाद्वार रोड झाला, राजारामपुरी झाली, एका रविवारी गांधीनगरला जाऊन सकाळपासून दुपारपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडे तीच गत. ४२ नंबर घातला की छातीवरची बटणं कशीबशी लागायची, पण गळ्याचं बटण काजापासून दोन बोटं लांब. ४४ घातला की गळा ओढूनताणून लागायचा, खांदा बसायचा, आणि पोटावर दोन्ही बाजूंनी मूठमूठ कापड लोंबायचं. बाही अंगठ्याच्या पेरापर्यंत यायची. स्लिम फिट घातला तर कंबर बरी, पण कंबरेबरोबर दंड आणि मुंढाही, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, बारीक केलेला, हात पुढे केला की काखेत शिवण ताणायची. लायक्रावालं कापड अंगावर चढायचं खरं, पण एप्रिलच्या उन्हात ते दिवसभर अंगाला चिकटून बसलं की जीव नकोसा व्हायचा.

दरवेळी ट्रायल रूममधून बाहेर येताना वाटायचं, खोट आपल्या अंगातच आहे. तालीम सोडलेल्या बऱ्याच पोरांना हे वाटतं, म्हणून लिहितोय. पहाटे उठून जोर-बैठका, दोर, मानेवर ब्रिज, हे सगळं करून कमावलेली मान. ती एका बटणापायी खाली घालायची काही गरज नव्हती. पण हे समजायला मला वर्ष लागलं.

समजलं ते एका रिकाम्या पाकिटावरून. शर्टाच्या पाकिटावर ३९, ४०, ४२, ४४ असे नंबर असतात. मी ते छातीचे इंच समजत होतो. नीट वाचलं तर पुढे बारीक अक्षरात सेंटीमीटर लिहिलेलं. म्हणजे तो आकडा कॉलरचा. ४० म्हणजे पावणेसोळा इंच, ४२ म्हणजे साडेसोळा, ४४ म्हणजे सव्वासतराच्या आसपास. कॉलर एवढी असेल तर छाती एवढी, पोट एवढं, बाही एवढी, असा हिशेब धरून बाकीचा शर्ट बेतलेला असतो. घरी टेप घेऊन बसलो आणि माझ्याकडचा ४४ नंबर मोजला. बटणं लावून छातीचा घेर ४९, पोटाचा ४७, बाही २६. माझं पोट ३५ आणि बाही २३. तो शर्ट चुकीचा शिवलेला नव्हताच. ज्याची मान जाड त्याचं पोटही मोठं, एवढं एकच गणित त्यात होतं आणि माझं अंग त्या गणितात बसत नव्हतं. त्या दिवशी डोक्यावरचं ओझं उतरलं.

मग अल्टर करून घ्यायचं ठरवलं. अकराशेचा शर्ट घेतला, वर १८० रुपये देऊन बाजूच्या शिवणी आत घेतल्या आणि बाही तीन इंच आखूड केली. आरशात छान दिसला. कामावर कपाटातल्या वरच्या फायलीला हात घातला आणि सगळा शर्ट पँटीबाहेर आला. मोठ्या नंबरच्या शर्टाचा मुंढा खोल असतो. बाजूची शिवण कितीही आत घ्या, खोल मुंढा वर येत नाही, आणि हात उचलला की तो अख्खा शर्ट ओढून नेतो. बाहीचंही तेच. कफ उसवून कापड कापलं की कफाजवळची उघडी पट्टी तेवढीच तोकडी होते. माझी दोन-अडीच इंच उरली, बाही दुमडता येईना. एकंदरीत पोट कमी करता येतं, शर्टाची लांबी कमी करता येते, बाही इंचभर कमी करता येते. खांदा, मुंढा आणि कॉलर यांना पुन्हा हात लावणं म्हणजे शर्ट नव्यानं शिवणंच. रेडीमेड घ्यायचाच असेल तर आधी ही तीन ठिकाणं बघा, बाकीचं नंतर. माझ्यासाठी तीनही एकाच शर्टात कधी जमली नाहीत.

आमच्यापासून इचलकरंजी तीसेक किलोमीटर. १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून ते गाव कापडावरच उभं आहे, आणि मी मात्र दुकानादुकानांत तयार शर्ट शोधत होतो. बहिणीच्या सासरी गेलो होतो, तिच्या सासऱ्यांनी माझी कॉलर बघून सरळ विचारलं, "कापड घेऊन शिवत का न्हाईस रं?" शिवणं महाग पडतं असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते मला कटपीसच्या दुकानात घेऊन गेले. ताक्याचे उरलेले तुकडे, कुठे एखादा धागा सुटलेला, बाकी कापड चोख. ५८ इंच पन्ह्याचं सुती शर्टिंग १५० रुपये मीटरनं मिळालं. दोन मीटर घेतलं, ३०० रुपये झाले.

कोल्हापुरात आल्यावर ओळखीच्या एका वस्तादांनी त्यांच्या टेलरकडे पाठवलं. गल्लीत आत, एक मशीन, एक टेबल, भिंतीला हनुमानाचं कॅलेंडर. त्या टेलरमामांनी आधी कापड हातात घेतलं, चुरगळून सोडलं आणि परत दिलं. "रात्रभर पाण्यात घाला पैलवान, वाळवा, मग आणा." भिजवून वाळवल्यावर दोन मीटरातलं चार बोटं कापड आटलं होतं. आधी शिवून मग धुतला असता तर माझ्या गळ्याचं बटण पुन्हा गेलंच असतं.

माप घेताना त्यांनी जे केलं ते तोवर कुणीच केलं नव्हतं. पाठीचं माप दोनदा घेतलं, एकदा हात खाली सोडून आणि एकदा हात पुढे करून, पोत्याला मिठी मारल्यासारखे. दोन्हींत पावणेदोन इंचांचा फरक. मग मानेपाशी सपाट पट्टी आडवी धरली आणि तिथून खांद्याचं टोक किती खाली जातं ते बघितलं. मानेशेजारचा स्नायू भरला की खांदा उतरता होतो, म्हणाले, आणि सरळ खांद्याचा शर्ट अशा माणसाला कधीच बसत नाही. दंडाचं माप मूठ आवळून घेतलं. खुर्चीवर बसवून पोटाचं घेतलं.

एवढं करूनही पहिला शर्ट चुकला. कॉलरपासून काखेपर्यंत दोन्ही बाजूंना तिरप्या घड्या पडत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी खांद्याच्या शिवणीजवळ बाहीच्या बाजूला कापड चिमटीत धरलं. घड्या जागच्या जागी नाहीशा झाल्या. चिमूट सोडली, घड्या परत आल्या. "उतार अर्धा इंच कमी पडला." खडूनं खूण केली, बाही उसवली, योक, म्हणजे खांद्यावरची जोडपट्टी, खाली घेतला, मुंढा तेवढाच खाली उतरवला. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, पुरेशी ठेवली होती म्हणून जमलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. द्यायला गेलो तर रागावले.

तेव्हापासून शर्ट असा असतो: योकखाली पाठीवर दोन्ही फऱ्यांपाशी एकेक चुणी, मधली एकच मोठी चुणी नाही, कारण हात पुढे जातात तेव्हा कापड लागतं ते फऱ्यांवर. कंबरेला पाठीमागे दोन लांब टक्स, म्हणजे कापड आत दुमडून मारलेल्या शिवणी. छातीचा घेर ४८, पोटाचा ४०. कॉलर १८, म्हणजे बटण लावून एक बोट आत जातं. मुंढा वर, त्यामुळे वरच्या कपाटातली फाईल काढली तरी शर्ट जागेवर. शिलाई ४२० रुपये. कापड धरून ७२०, आणि अंगाला न बसणारा तो रेडीमेड अल्टरसकट १,२८० ला पडला होता. वेळ मात्र लागतो, दहा-बारा दिवस धरून चला, आणि लग्नसराईत महिनाभर आधी कापड टाका.

मामांच्या वहीतल्या पानाचा फोटो मी मोबाईलमध्ये ठेवलाय. वहीवर भरवसा नाही म्हणून नाही, तर वय झालंय त्यांचं, आणि हे आकडे हरवले तर मला परत पहिल्यापासून सुरुवात करायला लागेल. एक पांढरा, एक फिका निळा, दोन बारीक चौकडीचे, एवढे झालेत.

मागच्या आठवड्यात तालमीतला एक पोरगा भेटला. वीस वर्षांचा, मान अठराच्या घरात, नोकरीची मुलाखत तोंडावर आणि गळ्याचं बटण उघडं ठेवून वर टाय बांधायच्या विचारात. त्याला घेऊन कटपीसच्या दुकानात जाऊन आलो. पांढरं कापड घेतलं, दोन मीटर वीस, कारण त्याचे हात माझ्यापेक्षा लांब आहेत. आत्ता ते त्याच्या खोलीवर दोरीवर वाळतंय. उद्या सकाळी मेहनत झाली की मामांकडे जायचंय.