परकीय सैनिकांच्या युद्धस्मृती : वाचनाची तिसरी नोंद

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात लढलेल्या परकीय सैनिकांच्या आठवणी मी वहीत तीन रकाने आखून वाचतो आहे. पहिल्या रकान्यात लेखकाने सांगितलेला काळ आणि ठिकाण, दुसऱ्यात त्याच सुमारास लेखकाची तुकडी प्रत्यक्षात जिथे होती ते ठिकाण, आणि तिसऱ्यात लेखक ज्यांच्याविषयी बोलत नाही ती माणसे. या महिन्यात गी साजेर यांच्या ‘द फरगॉटन सोल्जर’चे दुसरे वाचन पूर्ण झाले. मूळ फ्रेंच पुस्तक १९६७ चे, इंग्रजी अनुवाद १९७१ चा.

साजेर हे आईचे माहेरचे आडनाव. आई जर्मन, वडील फ्रेंच, घर फ्रान्सच्या जर्मन सीमेवरच्या आल्सास प्रांतात. १९४० पासून आल्सास जर्मनीच्या ताब्यात होता आणि ऑगस्ट १९४२ मध्ये तिथल्या तरुणांवर सक्तीची लष्करभरती लादली गेली; आल्सासमधून सुमारे एक लाख तरुण अशा रीतीने नेले गेले. साजेर मात्र त्याच उन्हाळ्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी, भरती झाल्याचे सांगतात, आणि पुढे ‘ग्रोसडॉइचलँड’ या जर्मन लष्कराच्या निवडक डिव्हिजनसाठी आपण होऊन नाव देतात. म्हणून ‘स्वयंसेवक’ हा शब्द मी वहीत सरसकट वापरणे बंद केले आहे; आता प्रत्येक लेखकाच्या नावापुढे तो कोणत्या परिस्थितीत भरती झाला, एवढेच लिहितो.

या पुस्तकावरचा सर्वांत गाजलेला आक्षेप बाहीवरच्या नामपट्टीचा आहे. ‘ग्रोसडॉइचलँड’चे सैनिक ही पट्टी उजव्या बाहीवर लावत, साजेर ती डाव्या बाहीवर असल्याचे लिहितात, आणि तेवढ्यावरून लेखक त्या डिव्हिजनमध्ये नव्हताच असे म्हणणारे अभ्यासक आहेत. मला हा आक्षेप पुरेसा वाटत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी आठवून लिहिताना डावे-उजवे चुकू शकते. मला जास्त थांबवले ते नकाशाने. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजा युक्रेनमधून मागे हटल्या, त्या माघारीत पुस्तकातली वाट कोनोतोपवरून नीपर नदीकडे जाते, तर डिव्हिजनने महिनाअखेरीस नदी ओलांडली ती क्रेमेनचुकपाशी. नकाशावर मोजपट्टी ठेवून पाहिले तर ही दोन गावे एकमेकांपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर भरतात. एखादा सैनिक मुख्य तुकडीपासून तुटून दुसऱ्याच गर्दीबरोबर मागे येऊ शकतो, हे मान्य करूनही ही तफावत मी लाल शाईने लिहून ठेवली आहे. तरी नदीकाठी पलीकडे जाण्याची वाट पाहत अडकलेल्या माणसांची घालमेल वाचताना हा अनुभव उसना आहे असे मला एकदाही वाटले नाही. दोन्ही गोष्टी वहीत शेजारी-शेजारी राहू द्याव्यात, असे माझे मत झाले आहे.

तिसरा रकाना मात्र जड जातो. थंडी, भूक, उवा, मित्रांचे मरण यांची पानेच्या पाने आहेत. पण ज्या गावांतून ही फौज गेली तिथल्या ज्यूंचे काय झाले, हे त्या मानाने कुठेच येत नाही. बाहीवरच्या पट्टीवर इतका वाद घालणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी या मौनाकडेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे.

साजेरनंतर रुडॉल्फ हार्टोग यांचे पुस्तक हाती घेतले. हार्टोग हे जर्मन, आणि जर्मन सैन्यातल्या आझाद हिंद लीजन या भारतीय तुकडीत दुभाषे होते. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून प्रामुख्याने उभी राहिलेली ही तुकडी, म्हणजे ९५० क्रमांकाची रेजिमेंट, ड्रेस्डेनजवळच्या क्योनिग्सब्र्युकला तयार झाली. तिच्या बाहीवर तिरंगा, झेप घेणारा वाघ आणि ‘फ्रायेस इंडियन’ (जर्मनमध्ये ‘स्वतंत्र भारत’) ही अक्षरे होती. १९४३ च्या फेब्रुवारीत सुभाषबाबू पाणबुडीने कीलहून निघून गेले आणि ज्यांच्या शब्दावर हे जवान आले होते तो माणूसच त्यांच्यापासून दूर गेला. तुकडी पुढे हॉलंडला, तिथून बोर्दोजवळच्या अटलांटिक किनाऱ्यावर गेली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये वाफन-एसएसकडे, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ फौजेकडे, सोपवली गेली. फ्रान्समधून माघार घेताना नागरिकांवर अत्याचार केल्याचे आरोप तिच्यावरही झाले. आपली माणसे म्हणून इथे तिसरा रकाना मोकळा सोडायचा नाही, हे मी ठरवले आहे.

हार्टोग अर्ध्यावर आले आहेत. त्यांच्या जोडीला एन. जी. गणपुले यांचे ‘नेताजी इन जर्मनी’ हे १९५९ चे पुस्तक ग्रंथालयातून आणून ठेवले आहे. गणपुले त्या काळात बर्लिनमध्ये सुभाषबाबूंच्या वर्तुळात वावरणारे मराठी गृहस्थ. त्यामुळे छावणीतल्या दुभाष्याने पाहिलेले आणि राजधानीत बसून पाहिलेले, असे दोन्ही पुढच्या नोंदीत समोरासमोर ठेवता येईल.